सोनी चौथ्या राउंडला का बसायची

चौथ्या राउंडच्या शेवटच्या वळणावर सोनी पुन्हा बसली. पडली नाही. वेग कमी करत ट्रॅकच्या आतल्या कडेला आली, गुडघ्यांवर हात टेकले आणि गवतावर बसली. बाकीच्या पाच मुली पुढे निघून गेल्या.

मी हातातल्या टॅबकडे पाहिलं. मुलींच्या छातीला बांधलेल्या पट्ट्यांवरून त्यांच्या हृदयाचे ठोके त्यावर दिसत. सोनीचा आकडा होता एकशे शहात्तर. सगळा जीव लावून पळाल्यावर तिचे ठोके मिनिटाला एकशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जातात, हे आम्ही लॅबमध्ये मोजलेलं होतं. म्हणजे अजून बावीस ठोके शिल्लक होते आणि ही बसली होती.

"सोनी, काय झालं?"

"पाय भरून आले, मॅडम."

"दम लागलाय?"

ती विचार करून बोलायची. तिची घरची भाषा माडिया. मराठी आश्रमशाळेत शिकलेली.

"दम नाई," ती म्हणाली. "पाय."

झाडे सर शिट्टी गळ्यात अडकवून माझ्या शेजारी उभे होते. ते आमचे रनिंग कोच. मूळचे पीटी शिक्षक, मूल तालुक्यातले, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. ते म्हणाले, "बसू द्या मॅडम तिले. दोन मिनटात उठते ते."

"सर, हे तिसऱ्यांदा होतंय. हृदयाला काही झालेलं नाही. आकडे बघा."

"आकडे बराबर असतीन. पण तिचं आंग काहीतरी सांगून राह्यलं ना."

मी हसले. ते हसणं मला आजही आठवतं आणि आठवलं की कानशिलं तापतात.

मी एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट. म्हणजे व्यायाम करताना शरीरात काय घडतं ते मोजायचं आणि त्यावरून ट्रेनिंग कसं असावं हे कोचला सांगायचं. चंद्रपूरजवळच्या एका निवासी प्रबोधिनीत मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. तिथे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांतून निवडलेली मुलं-मुली राहतात, शिकतात, खेळतात. मी स्वतः बल्लारपूरची. वडील कागद कारखान्यात होते. पुढचं शिक्षण बाहेर झालं, नोकरीचे पहिले काही दिवसही बाहेरच गेले. परत आले तेव्हा माझ्याबरोबर ट्रेडमिल आली, मास्क आला, बोटातून थेंबभर रक्त काढून लॅक्टेट, म्हणजे जोर लावल्यावर रक्तात साठणारं आम्ल, मोजायचं यंत्र आलं. संचालक भोयर सर पाहुण्यांना सगळ्यात आधी माझी लॅब दाखवायचे.

आणि माझं काम चुकीचं होतं असं नाही. आमचा एक लांब उडीवाला मुलगा दर वेळी फळीवर फाउल करायचा. त्याच्या धावेचा व्हिडिओ काढून पावलं मोजली, सुरुवातीची खूण थोडी मागे नेली, फाउल थांबले. दोन मुलींना सतत थकवा यायचा. त्यांच्या रक्तात लोह कमी निघालं, जेवण बदललं, महिना-दोन महिन्यांत फरक दिसला. अशा गोष्टी घडल्या की माणसाला वाटतं, आपल्याला दिसतं ते इतरांना दिसत नाही. मला तसं वाटायला लागलं होतं.

सोनी पुंगाटी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. एटापल्लीच्या पुढचं गाव. वडिलांचं धानाचं थोडं शेत, बाकी मोहफुलं आणि तेंदूपान. सूरजागडच्या खाणीकडून येणारे ट्रक त्यांच्या गावाच्या फाट्यावरून जातात, एवढीच त्या गावाची खूण बाकीच्या मुलींना माहीत होती. आश्रमशाळांच्या स्पर्धेत ती पंधराशे मीटर अनवाणी पळाली होती आणि झाडे सरांनी तिला हेरून प्रबोधिनीत आणलं होतं.

मी तिची व्हीओटू मॅक्स टेस्ट घेतली. तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवायचं, वेग वाढवत न्यायचा आणि शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते बघायचं. गाडीचं इंजिन किती मोठं आहे ते मोजण्यासारखं. सोनीचं इंजिन आमच्या सगळ्या मुलींमध्ये मोठं निघालं. मी टेस्ट पुन्हा घेतली. तोच आकडा आला. भोयर सरांना जाऊन सांगितलं, "सर, ही मुलगी राज्यातच नाही, पुढे जाईल."

म्हणून तर तिचं बसणं मला सहन होत नव्हतं.

तेव्हा आम्ही इंटरव्हल ट्रेनिंग करत होतो. चारशे मीटरचा एक राउंड जोरात पळायचा, दीड मिनिट विश्रांती, पुन्हा राउंड. असे सहा. सोनी पहिले तीन सगळ्यांच्या पुढे पळायची. चौथ्याला बसायची. दहा-पंधरा मिनिटांनी उठून हसत खेळत जेवायला जायची. ट्रेडमिलवर मात्र तिला कधीच काही झालं नाही, कारण तिथे वेग हळूहळू वाढतो. हा फरक मी पाहिला होता. त्याचा अर्थ मी असा लावला की लॅबमध्ये ती माझ्यासमोर एकटी असते म्हणून जोर लावते, आणि मैदानावर कंटाळते.

तिमाही रिपोर्टमध्ये मी लिहिलं: "फिजिकल कपॅसिटी एक्सलंट. मोटिव्हेशन लो. टॉलरन्स टू डिस्कम्फर्ट पुअर." म्हणजे शरीर उत्तम, पण मनाची तयारी नाही आणि त्रास सोसवत नाही. तीन ओळी. लिहायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. जी मुलगी मध्येच बसेल तिने पहिल्या राउंडपासून पुन्हा सुरू करायचं.

झाडे सरांना नियम आवडला नाही. "मॅडम, हे शिक्षा झाली. हे ट्रेनिंग नोहे."

"सर, इंटरनॅशनल लेव्हलला असंच असतं."

इंटरनॅशनल लेव्हल त्यांनी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मीही पाहिली नव्हती.

नियमानंतर सोनी बसायची थांबली. सहाच्या सहा राउंड पूर्ण करायला लागली. मी खूश झाले. मग एक दिवस घड्याळातले आकडे नीट पाहिले, तर ही पहिले तीन राउंड मुद्दाम हळू पळत होती आणि विश्रांतीत मिनिटभर जास्त काढत होती. कधी बुटाची लेस सोड, कधी पाणी प्यायला जा. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "चलाखी करतेस का माझ्याशी?"

ती वाकून लेस बांधायला लागली. बाकीच्या मुली हसल्या. पुढच्या दिवसापासून तिच्या विश्रांतीचं घड्याळ मी स्वतः लावायला लागले.

एप्रिलमध्ये सोनी गावच्या पंडुमसाठी, म्हणजे सणासाठी, आठ दिवस घरी गेली. त्याच आठवड्यात भोयर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. राज्याच्या निवड समितीचे दोन सदस्य येणार होते.

"आपण त्यांना ट्रॅकवर लाइव्ह डेटा दाखवू," सर म्हणाले. "मुली पळतायत, स्क्रीनवर ठोके दिसतायत. काय म्हणतेस?"

"दाखवू सर."

"आणि ती तुझी सोनी?"

"आदल्या दिवशी परत येतेय."

ती आली. पहाटे गावातून निघून, फाट्यापर्यंत चालत, मग दोन बस बदलून संध्याकाळी पोचली. वाटेत काय खाल्लं, किती पाणी प्यायली, हे मी विचारलं नाही. आठ दिवसांत ती एकदाही पळालेली नव्हती. हेही विचारलं नाही. खेळाडू सुट्टीवरून आला की पहिले काही दिवस काम हलकं ठेवायचं, हे मी मुलांच्या पालकसभेत स्लाइड लावून सांगायची.

सकाळी साडेसहाची वेळ ठरली होती. मुली सहाला वॉर्मअप करून तयार. पाहुण्यांचा नाश्ता लांबला. ते मैदानावर आले तेव्हा पावणेनऊ झाले होते. चंद्रपुरात एप्रिलच्या पावणेनऊला ट्रॅकवर उभं राहिलं की बुटाच्या तळव्यातून चटका जाणवतो. मुली पावणेतीन तास कडुलिंबाच्या झाडाखाली बसून होत्या.

झाडे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आज दोनच राउंड घ्या. ऊन झालं. पोरी सकाळपासून बसून हायेत."

"पाहुण्यांसमोर दोन राउंड काय दाखवायचे, सर?"

"मंग सोनीले तरी बाहेर ठेवा. काल आली ते."

"तिलाच बघायला आलेत ते."

सोनी पट्टा बांधून घ्यायला माझ्याकडे आली. पट्टा बांधताना अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आज जराशी हळू पळू काय?"

मी म्हटलं, "आज नाही."

पहिला राउंड तिने सगळ्यांच्या पुढे काढला. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "वा!" भोयर सरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा तसाच. तिसऱ्यात ती दुसऱ्या नंबरवर आली. चौथ्याला तिचा वेग तुटला. माझ्यासमोरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं. मी हात वर करून पुढे जाण्याची खूण केली.

पाचव्या राउंडला दोनशे मीटरवर तिचे पाय दुमडले. घसरून नाही, ठेच लागून नाही. कोणीतरी खालची फळी काढून घ्यावी तशी ती बसली आणि मग आडवी झाली.

मी तिच्याकडे गेले. चालत गेले. हे मी कोणत्याही रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला वाटलं, पुन्हा तेच. पाहुण्यांसमोर.

मी वाकून म्हणाले, "सोनी, उठ. सगळे बघतायत."

ती पूर्ण शुद्धीवर होती. डोळे उघडे. ओठ कोरडे. म्हणाली, "मी नाटक नाई करून राह्यली, मॅडम. पाय नाई राह्यले माहे."

तोवर झाडे सर पळत आले होते. मी तिच्या पिंढऱ्या दाबून पाहिल्या. गोळा आला असता तर त्या दगडासारख्या लागल्या असत्या. मऊ होत्या. अंगाला हात लावला. ऊन लागून बेशुद्ध पडणाऱ्या माणसासारखं भाजत नव्हतं. बोलणं नीट होतं. मला काही कळेना. माझ्या हातात टॅब होता, त्यावर तिचे ठोके, वेग, अंतर, सगळं दिसत होतं, आणि मला काही कळेना.

सरांनी तिला उचललं, झाडाखाली नेलं, ओल्या टॉवेलने अंग पुसलं. मग मला न विचारता प्रबोधिनीची जीप मागवली. "मॅडम, तुमी बसता का जीपमंदी का इथीच राहता?" एवढंच विचारलं. मी बसले. वाटेत ती कण्हत होती. मांड्या आणि कंबर दुखते म्हणत होती. मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला आणि सरांच्या शर्टाची बाही धरली.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सगळं ऐकलं, सलाइन आणि ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "पेशंट कुठली?"

"एटापल्ली."

"सिकलिंगचा रिपोर्ट?"

मी झाडे सरांकडे पाहिलं.

"मॅडम, सिकलसेलची तपासणी झालीये का हिची?"

"झाली असेल. फाइलमध्ये असेल."

"बघितला नाही तुम्ही?"

सिकलसेल म्हणजे काय हे आमच्या भागात शाळकरी मुलांनाही माहीत असतं. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. तो शेती करतो, ओझी उचलतो, खेळतोही. पण कधी कधी, जीव तोडून, पुरेशी विश्रांती न घेता, पुन्हा पुन्हा जोर लावला, त्यात सराव सुटलेला, पाणी कमी आणि वर ऊन, तर वाहकाच्याही पेशी वाकायला लागतात. मग पायांच्या स्नायूंना रक्त मिळत नाही. स्नायू तुटायला लागतात आणि त्यातून निघालेला घाण माल मूत्रपिंडावर जातो. यात माणूस दगावूही शकतो.

डॉक्टर म्हणाले, "यात दम आधी लागत नाही. आधी पाय जातात. पेशंट सांगतो तसं, नीट ऐकलं तर कळतं."

हे मला माहीत होतं. एमएस्सीच्या परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलं होतं.

दुपारी सोनीची लघवी काळ्या चहासारखी झाली. डॉक्टरांनी तिला आयसीयूत हलवलं. मी प्रबोधिनीत परत आले आणि तिची फाइल काढली. प्रवेशाच्या वेळची मेडिकल. चौथं पान. रक्ततपासणी. खाली टाइप केलेलं होतं, सिकलसेल वाहक. त्या पानाच्या तळाशी "रिव्ह्यूड" असं लिहून सही होती. सही माझी होती. त्या दिवशी मी अशा बऱ्याच फाइलींवर ओळीने सह्या केल्या होत्या.

सोनीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. लालसू पुंगाटी. बारीक, ताठ माणूस. त्यांना मराठी समजायची, बोलायला वेळ लागायचा. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली, थैलीतून एक घडी घातलेलं कार्ड. आश्रमशाळेत तपासणी झाली तेव्हा मिळालेलं.

"मास्तरनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "जिथी पोरगी जाईल तिथी हे दाखवा. आमी दाखवलं. तुमच्या हापिसात."

"हो भाऊ. आमच्याकडे नोंद आहे."

त्यांनी कार्ड पुन्हा घडी घालून थैलीत ठेवलं. मग म्हणाले, "तिनं तुमाले सांगतलं नोतं काय, का पाय दुखते म्हनून?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी "चहा आणते" म्हणाले आणि उठले. चहा घेऊन परत आलेच नाही. दवाखान्याच्या कँटीनमधल्या पोऱ्याच्या हाती पाठवून दिला.

त्याच संध्याकाळी भोयर सरांनी इन्सिडंट रिपोर्ट मागितला.

"हीट एक्झॉशन लिही," ते म्हणाले. म्हणजे उन्हाचा त्रास.

"सर, डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांचं डॉक्टर लिहितील. एप्रिल महिना आहे, चंद्रपूर आहे. उन्हाचा त्रास झाला म्हटलं तर कोण विचारणार आहे?"

मी लिहिलं. "प्रतिकूल हवामानामुळे खेळाडूस उन्हाचा त्रास झाला. तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले." दोन्ही वाक्यांत मी कुठेच नव्हते. सही केली. घरी जाऊन जेवलेसुद्धा.

सोनी वाचली. पाच-सहा दिवसांत लघवीचा रंग निवळला, मूत्रपिंडाचे आकडे खाली आले, ती वॉर्डात आली आणि तिथून घरी गेली. इथे मी थांबले असते तर गोष्ट दुसऱ्या कोणाला कळलीही नसती.

दोन आठवड्यांनी झाडे सर लॅबमध्ये आले. लॅबमध्ये ते फारसे येत नसत. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. निवड समितीचं पत्र. सोनी पुंगाटी हिला प्रबोधिनीतून कमी करण्यात यावं. कारणं दोन. एक, उन्हात सराव करण्याची शारीरिक क्षमता नाही. दुसरं, तिमाही अहवालानुसार मोटिव्हेशन लो.

सर उभेच होते. "मॅडम, यात दोन कारणं हायेत. दोन्ही तुमच्या कागदातली."

मी वाचत राहिले.

"पोरगी वापस गेली तं परत नाई येत. आन् तिकडली दुसरी पोरगीही कोणी धाडत नाई मंग. म्हन्तीन, चंद्रपूरले जाऊन मरता मरता वाचली, वरून आळशी म्हनून हाकलली."

"मी काय करू, सर?"

"मले काऊन विचारता? तुमी शिकल्या. मी पीटी मास्तर."

ते टोमणा मारत नव्हते. ते खरंच तसं मानत होते, आणि ते जास्त लागलं.

खरा रिपोर्ट लिहायला मला एक तास पुरला असता. मी दोन दिवस लावले. पहिल्या दिवशी मी असा मसुदा केला, ज्यात ऑफिसने मेडिकल फाइल माझ्यापर्यंत वेळेत पोचवली नाही असं सूचित होत होतं. ऑफिसचा क्लार्क भला माणूस होता. तो भांडला नसता. तो मसुदा मी तीनदा वाचला. छान जमला होता. दुसऱ्या दिवशी तो पुसला आणि नवीन लिहायला बसले.

तीन पानं झाली. फाइलवर सही माझी आहे आणि पान मी वाचलेलं नव्हतं. खेळाडूने पायांबद्दल निदान चार वेळा सांगितलं होतं. कोचने चार वेळा सांगितलं होतं. बसलेल्या खेळाडूला पहिल्यापासून पळवण्याचा नियम माझा. ती स्वतःहून वेग कमी करत होती आणि विश्रांती वाढवत होती. सिकलसेल वाहक खेळाडूंसाठी नेमकी हीच काळजी घ्यायला सांगतात. ते तिने कोणी न शिकवता शोधलं होतं आणि मी ते बंद पाडलं. मोटिव्हेशनबद्दलचा शेरा चुकीचा आहे, तो मागे घेत आहे. उन्हाच्या त्रासाचा रिपोर्टही मागे घेत आहे.

भोयर सरांनी तो वाचला. चष्मा काढून ठेवला.

"हा पुढे गेला तर तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल असं वाटतं तुला?"

"माहीत नाही, सर."

"आणि आधीचा? त्यावर माझीही सही आहे."

"तो खोटा आहे, सर."

"खोटा नाही. अपुरा आहे."

"सर, तुम्ही पुढे पाठवा किंवा मी पाठवते."

हे ऐकायला धीट वाटतं. प्रत्यक्षात माझा आवाज इतका बारीक निघाला की सरांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

समितीने मला बोलावलं. तेच दोन सदस्य आणि आणखी एक बाई. बाईंनी पानं उलटून विचारलं, "तुम्ही स्वतः याच भागातल्या ना?"

"हो. बल्लारपूर."

"सिकलसेल तुम्हाला नवीन नाही."

"नाही."

"मग हा विचार डोक्यात कसा आला नाही?"

मी म्हणाले, "मॅडम, विचार करायची वेळच मी येऊ दिली नाही. माझं उत्तर आधीच तयार होतं."

डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली तर सोनीला ठेवायचं, असं ठरलं. वाहक असणं हे खेळ सोडायचं कारण नाही, हे डॉक्टरांनी लेखी दिलं. मला लेखी ताकीद मिळाली. आणि रनिंगच्या मुलींचं वेळापत्रक यापुढे झाडे सर ठरवतील, मी फक्त माहिती पुरवायची, असं लिहून आलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. का वाढलं ते मला आजही माहीत नाही. कदाचित ट्रेडमिल चालवायला दुसरं कोणी नव्हतं.

सोनी पाऊस लागल्यावर परत आली. वडील सोबत होते. त्यांना आणि तिला समोर बसवून मी माफी मागितली. काय चुकलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. वडिलांनी मान हलवली. सोनी टेबलाच्या कडेवर नख घासत होती. म्हणाली, "ठीक हाये मॅडम." मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

मग काम सुरू झालं. पहिले तीन आठवडे फक्त चालणं आणि सावकाश धावणं. दर आठवड्याला थोडंसंच अंतर वाढवायचं. सराव उजाडता उजाडता. सरावाआधी आणि नंतर वजन करायचं, कमी झालेलं वजन म्हणजे घामात गेलेलं पाणी, तेवढं पाणी परत प्यायचं. जोराच्या राउंडमध्ये विश्रांतीला घड्याळ नाही. तयार झाली की तीच हात वर करणार. पंधराशेऐवजी तीन हजार मीटर पळायचं, म्हणजे वेग एकसारखा ठेवता येतो. यातलं एकही काम महागडं नव्हतं, आणि एकही माझ्या लॅबमध्ये होणारं नव्हतं. सगळ्या फाइली मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचल्या. आणखी चार मुलं वाहक निघाली. त्यांतल्या एकाच्या रिपोर्टमध्ये मी "लेझी" असा शब्द वापरला होता.

त्या हिवाळ्यात राज्य स्पर्धेत सोनी तीन हजार मीटरला चौथी आली. पदक नाही. पण तिच्या स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा चौदा सेकंद कमी, आणि शेवटचा राउंड सगळ्यात वेगवान. मी कडेला उभी राहून ओरडत होते. शर्यत संपल्यावर ती झाडे सरांकडे गेली. मला लांबून मान हलवून दाखवली.

आता ती कॉलेजात आहे, प्रबोधिनीतच राहते, पळते. माझ्याशी नीट बोलते, विचारलेलं सगळं सांगते. पण पाय भरून यायला लागले तर ते मला सांगत नाही. सरांना सांगते. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यानंतर ती कोणाला सांगेल, हा प्रश्न मी अजून तिला विचारलेला नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

लॅबमध्ये शिकायला नवीन मुलं येतात. त्यांना मी यंत्रं शिकवते, टेस्ट शिकवते, आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. खेळाडू थांबला तर आधी त्याला बसू द्या, मग कारण शोधा. कारण सापडायला उशीर झाला तरी चालतं. उलट क्रमाने केलं तर काय होतं, ते मी करून पाहिलेलं आहे.